गाडीचे पार्ट स्वस्तात कुठं आणि कसे घ्यायचे: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

अकरा वर्षं टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या काउंटरमागं उभा होतो. दुकान सोडलं, पण लोक फोन करायचं काय सोडत नाहीत. "भावा, स्प्लेंडरचं चेनकिट कितीला बसंल", "ह्यो पार्ट ओरिजिनल हाय का बघ की", आणि फोटो पाठवतात तो पण असा हललेला की पार्ट आहे का भाजलेला पापड कळत नाही. रोज तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. भाव फार दिले नाहीत, कारण आज लिहिला तर पुढच्या महिन्यात तुम्ही तोच दाखवून दुकानदाराशी भांडणार. भाव कसा तपासायचा ते मात्र सांगितलंय.

१. पार्ट घ्यायला कोल्हापुरात नेमकं जायचं कुठं?

काम काय आहे त्यावर. तयार माल म्हणजे ब्रेक लायनर, केबल, प्लग, फिल्टर, चेनकिट (चेन आणि तिची दोन दातेरी चाकं) असलं काही पाहिजे असेल तर शाहूपुरी, स्टेशन रोडकडची दुकानं फिरा, दोन-तीन दुकानांत विचारलं की भावाचा अंदाज येतो. काही बनवून, कातून, बोअर करून, वेल्डिंग मारून घ्यायचं असेल तर सरळ उद्यमनगर. आणि कंपनीच्या शोरूमला पण पार्टचं काउंटर असतं हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, तिथं सर्व्हिसिंग न करता नुसता पार्ट विकत घेता येतो. गारगोटी, चंदगड, गगनबावड्याकडून येणार असाल तर निघायच्या आधी फोन करून पार्ट आहे का आणि दुकान उघडं आहे का विचारा. एका ऑइल सीलसाठी निम्मा दिवस आणि पेट्रोल घालवून परत गेलेली माणसं मी बघितलीत.

२. दुकानात जाऊन काय सांगायचं? "स्प्लेंडरचं लायनर द्या" एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. स्प्लेंडर १९९४ पासून येतेय, मधल्या काळात गाडी बाहेरून तशीच दिसली तरी आत बरंच बदललंय. आरसी बुकावर गाडी बनल्याचा महिना आणि साल असतं, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तीन तारखा लक्षात ठेवल्या तर निम्मा घोळ मिटतो. एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू राहणाऱ्या गाड्या आल्या, म्हणजे हँडलवरचा स्विच बदलला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंत कॉम्बी ब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागतो) आणि त्याच्या वरच्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ देत नाही) सक्तीचं झालं, म्हणजे ब्रेकचं सामान बदललं. एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराचा कडक नियम), म्हणजे बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुना पार्ट सोबत घेऊन जा. सॅम्पल काउंटरवर ठेवलं की दोन मिनिटांत काम होतं. लोक जुना पार्ट मेस्त्रीकडंच टाकून येतात आणि मग हातानं माप दाखवतात, "एवढा एवढा हुता बघा".

३. जेन्युइन, ओरिजिनल, लोकल, डुप्लिकेट, यात फरक काय?

जेन्युइन म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. पण गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. चेन, शॉकअप, प्लग, पिस्टन, वायरिंग हे सगळं दुसऱ्या कंपन्या बनवून देतात, आणि त्याच कंपन्या आपल्या स्वतःच्या नावाच्या डब्यात पण तो माल बाजारात आणतात. गॅब्रिएलचे शॉकअप, रोलॉन किंवा डायमंडची चेन, बॉश किंवा एनजीकेचा प्लग, उषाचा पिस्टन, एंड्युरन्स, मिंडा ही त्यातली नावं. काउंटरवर याला बरेच जण ओईएम म्हणतात. माझ्या मते सामान्य माणसाच्या खिशाला सगळ्यात परवडणारा सौदा हाच, चांगल्या कारखान्यातला माल आणि कंपनीच्या डब्याचे जादा पैसे नाहीत.

लोकल म्हणजे छोट्या कारखानदारानं स्वतःच्या नावानं बनवलेला. काही चांगला, काही टाकाऊ, पण त्यात फसवणूक नाही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव छापून विकलेला, ही सरळसरळ चोरी. लोक लोकलला डुप्लिकेट म्हणतात आणि डुप्लिकेटला ओरिजिनल समजून घेतात, सगळा गोंधळ तिथंच.

४. मग पैसे कुठं वाचवायचे आणि कुठं हात आखडता घ्यायचा नाही?

आधी माझाच किस्सा. नवीन नवीन होतो दुकानात, स्वतःच्याच काउंटरवरचा सगळ्यात स्वस्त मागचा लायनर उचलला, म्हटलं एवढ्याशा पट्टीत काय फरक असणार. महिन्याभरानं जोतिबावरून उतरत होतो, मागं बायको आणि मांडीवर पोरगं. केर्ली फाट्याच्या अलीकडं ब्रेक दाबला आणि मागचं चाक जे जाम झालं ते सुटेचना, गाडी फरफटत रस्त्याच्या कडेला. नशीब मागून एसटी नव्हती. ड्रम उघडला तर लायनरची पट्टी अॅल्युमिनियमच्या शूवरून सुटून आत आडवी अडकलेली, खाली चिकटवलेल्या सोल्युशनचा नुसता पिवळा डाग. तेव्हापासून ब्रेकमध्ये मी कंजुषी करत नाही आणि कुणाला करू पण देत नाही.

थांबवणारं, वळवणारं आणि चाक धरून ठेवणारं सामान चांगलंच घ्यायचं. म्हणजे लायनर, डिस्क पॅड, ब्रेक केबल, टायर, ट्यूब, चाकाचे बेअरिंग, हँडलचा कोनसेट, चेन. यात जेन्युइन किंवा वर सांगितलेल्या नावाजलेल्या कंपनीचा. इंजिनच्या आतलं पण तसंच, टायमिंग चेन, पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट. कारण पार्ट स्वस्त मिळेल, पण इंजिन दुसऱ्यांदा खोलायची मजुरी पार्टपेक्षा जास्त होते.

लोकल चालतं ते कुठं? आरसे, ग्रिप, फुटरेस्टचं रबर, मडगार्ड, साइड पॅनेल, इंडिकेटरच्या काचा, सीट कव्हर, लेगगार्ड, साडीगार्ड, स्टँडची स्प्रिंग. हे तुटलं तर गाडी दिसायला वाईट दिसते, माणूस पडत नाही. क्लच आणि अॅक्सिलेटरची केबल मधली गोष्ट आहे. लोकल चालते, पण आंबा घाटात तुटली तर शिव्या मला द्यायच्या नाहीत.

५. डुप्लिकेट ओळखायचा कसा? डबा तर हुबेहूब असतो.

डबा बघू नका, लेबल बघा. पॅक मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-साल, सगळ्या टॅक्ससकट एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी नंबर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. डुप्लिकेटवाला यात हमखास कुठंतरी चुकतो, पत्ता अर्धवट असतो, स्पेलिंग चुकलेलं असतं, नाहीतर एमआरपीचा स्टिकर वाकडा डकवलेला असतो. होलोग्राम किंवा स्कॅन करायचा कोड असेल तर दुकानातच उभं राहून स्कॅन करा, लाजू नका.

मग पार्ट हातात घ्या. बेअरिंग बोटावर फिरवून बघा, खरखर नको आणि कोरलेला नंबर स्वच्छ पाहिजे. चेनची कडी आडवी धरून वाकवली तर फार लवचीक नको. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर छपाई नखानं निघायला नको. आणि मुख्य म्हणजे पक्कं बिल मागा. डुप्लिकेट विकणारा बिलाचं नाव काढलं की "बिल घेतलं तर भाव वाढंल" म्हणतो, तिथंच उत्तर मिळालं.

६. "एमआरपीवर ४० टक्के सूट" म्हणतात, खरी असते का?

सूट खरी, एमआरपी फुगवलेली. कंपनीच्या डब्यावर सूट फार सुटत नाही कारण दुकानदारालाच मार्जिन कमी. काही लोकल ब्रँडवाले मुद्दाम एमआरपी मोठी छापतात म्हणजे सूट मोठी दिसते. म्हणून टक्के ऐकूच नका, शेवटी हातातून किती जाणार ते विचारा आणि त्याची तुलना करा. अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ होता. जुन्या छापील किमतीचा माल कुणी २८ धरून देत असेल तर विचारा.

७. चेन ढिली झालीय, फक्त चेन बदलली तर चालेल का?

हा प्रश्न महिन्यातून पंधरा वेळा येतो. नाही चालत. जुनं पुढचं-मागचं चाकण (तुम्ही स्पॉकेट म्हणा, सॉकेट म्हणा) नव्या चेनला दोन-चार महिन्यांत खाऊन टाकतं. सेटच बदलायचा.

पण आधी सेट खरंच गेलाय का ते बघा, कारण निम्म्या वेळा नुसती चेन ताणून, साफ करून, ऑइल मारून भागतं. मेन स्टँडवर गाडी लावा. मागच्या चाकणाच्या बरोबर मागच्या टोकाला चेन दोन बोटांनी धरून मागं ओढा. चेन दातावरून उचलून अर्धा दात दिसायला लागला तर संपली. मग दात बघा, नवा दात सरळ असतो, झिजलेला एका बाजूला वाकून वाघनखासारखा होतो. खालची चेन मध्यावर वर-खाली साधारण २५ ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चेनकव्हरच्या स्टिकरवर असतो. फार ताणलेली चेन पण वाईट, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर लोड येतो.

घेताना दात मोजून घ्या. १००-१५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते, पण कड्या किती आणि दात किती हे मॉडेलप्रमाणं बदलतं. एक दात इकडं-तिकडं झाला तर अॅव्हरेज आणि पिकअप दोन्ही बदलतात. "मोठं मागचं चाकण टाकलं की गाडी पळते" म्हणणाऱ्या पोरांना सांगतो, पिकअप वाढतं, टॉप स्पीड कमी होतं, पेट्रोल जास्त जातं.

८. बेअरिंग शोरूममध्ये महाग सांगतात, बाहेर मिळतं का?

मिळतं, आणि पैसे वाचवायची सगळ्यात भारी जागा हीच. बेअरिंगला गाडीचं नाव नसतं, नंबर असतो. ६३०१ म्हणजे आतला व्यास १२, बाहेरचा ३७, जाडी १२ मिलिमीटर. ६२०२ म्हणजे १५, ३५, ११. ६२०३ म्हणजे १७, ४०, १२. गाडी कुठलीही असो, जगात कुठंही तेच माप. जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर पुसून वाचा आणि मशिनरी-बेअरिंगच्या दुकानात जाऊन एसकेएफ, एनबीसी, एफएजी यातलं काहीही मागा. चाकासाठी दोन्ही बाजूंनी रबरी झाकणवालं घ्या, आपल्याकडच्या पावसात उघडं बेअरिंग टिकत नाही. इंजिनमधल्या बेअरिंगच्या नंबरापुढं सी३ असं असेल तर तसंच मागायचं, ते सोडायचं नाही.

ऑइल सीलचं पण तसंच. त्यावर तीन आकडे असतात, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. पुढचा शॉकअप गळत असेल तर सील जुळवून आणा, मात्र रॉडवर गंजाचे ठिपके असतील तर नवं सील पण महिन्यात गळणार, आधी रॉडचं बघा.

९. पार्ट नंबर म्हणजे काय आणि तो कुठं मिळतो?

डब्यावर असतो, कधी पार्टवर कोरलेला असतो, आणि बऱ्याच कंपन्यांचे पार्ट कॅटलॉग ऑनलाइन बघायला मिळतात. होंडाच्या नंबरात तीन तुकडे असतात, पहिल्या पाच अंकांवरून पार्ट कुठला ते कळतं, मधली तीन अक्षरं मॉडेलचा कोड. हिरोच्या जुन्या गाड्या होंडाबरोबरच्या भागीदारीतल्या (ती २०१० च्या शेवटी तुटली), म्हणून त्यांचे नंबर पण त्याच धाटणीचे. गंमत म्हणजे मधली अक्षरं दुसऱ्या मॉडेलची दिसली तर समजायचं हा पार्ट त्या मॉडेलमधून आलाय, म्हणजे त्या मॉडेलचा तुमच्या गाडीला बसतो. नंबर माहीत असला की चार दुकानांत फोनवर भाव विचारता येतो, फेरी वाचते.

१०. एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला बसतो का?

बऱ्याचदा बसतो आणि नाव बदललं की भाव पण बदलतो, म्हणून विचारायचं. हिरो होंडाच्या ९७.२ सीसी इंजिनच्या सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन, सीडी डॉन यांचं इंजिनमधलं बरंच सामान एकमेकांना चालतं. पण "बसतो" आणि "चालतो" यात फरक आहे. सीडीआय युनिटचं (प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारी डबी) कनेक्टर बसलं म्हणजे आतलं टायमिंग जुळलं असं नाही, आणि लायनरची गोलाई सारखी असून रुंदी वेगळी असू शकते. इलेक्ट्रिक आणि ब्रेकच्या सामानात अंदाजपंचे करू नका.

११. ऑनलाइन स्वस्त दिसतं, मागवू का?

नावानं शोधू नका, पार्ट नंबरानं शोधा (प्रश्न ९). विकणारा कोण आहे बघा, "ओरिजिनल क्वालिटी" किंवा "ओईएम टाइप" लिहिलंय म्हणजे ओरिजिनल नाही असंच समजा. परत करायची अट वाचा, इलेक्ट्रिक पार्ट एकदा गाडीला जोडला की कुणी परत घेत नाही, दुकानदार पण घेत नाही. डिलिव्हरी चार्ज धरून हिशेब करा. दोनशे रुपयांच्या पार्टला साठ रुपये कुरिअर आणि चार दिवस गाडी बंद, म्हणजे स्वस्त कुठं पडलं? ज्या मॉडेलचे पार्ट इथं मिळतच नाहीत त्यांना मात्र ऑनलाइन लई उपयोगाचं.

१२. पार्ट मी आणून दिला तर मेस्त्री तोंड वाकडं करतो, काय करू?

करणारच. पार्टमध्ये त्याला चार पैसे सुटतात आणि त्याच्यावरच त्याचं गॅरेज चालतं, नुसत्या मजुरीवर भाडं पण निघत नाही. आधीच स्पष्ट बोला, "मामा, पार्ट मी आणतो, मजुरी तुम्ही ठरवा." दहा-वीस टक्के मजुरी जास्त मागितली तर द्या. दुसरी बाजू पण ऐका, तुमचा पार्ट महिन्यात गेला तर परत बसवायची मजुरी तुमची, त्याची नाही. छोट्या सामानासाठी, म्हणजे केबल, प्लग, बल्बसाठी एवढा उद्योग करू नका, त्याच्याकडूनच घ्या. चेनकिट, टायर, बॅटरी, ब्लॉक-पिस्टन अशा मोठ्या खर्चात स्वतः आणण्यात राम आहे. आणि जुने पार्ट परत मागा, खरंच बदललंय का ते कळतं.

१३. भंगारातून जुना पार्ट घ्यावा का?

लोखंड आणि पत्रा घ्या, तार आणि कॉइल घेऊ नका. रिम, स्टँड, पेट्रोलची टाकी, चेनकव्हर, सायलेन्सर गार्ड, मागचं कॅरिअर, हे डोळ्यांनी तपासता येतं. टाकी घेताना आत टॉर्च मारा, गंज असेल तर सोडा.

वायरिंग, सीडीआय, स्टार्टर मोटर, मीटर, मॅग्नेट कॉइल जुनी नकोच. आपल्या जिल्ह्यात २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं सगळ्यांना आठवतंय, व्हीनस कॉर्नरपासून शिरोळपर्यंत गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. त्यांचे पार्ट भंगारात आले आणि धुऊन-पुसून विकले गेले. कनेक्टर उघडून बघा, पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं किंवा खोबणीत बारीक वाळलेला गाळ असेल तर तो पुराचा. तो आज चालेल, पुढच्या पावसाळ्यात ऐन रस्त्यात बंद पडेल.

आणि कायद्याचं. इंजिन किंवा चेसिस नंबर असलेला कुठलाही भाग कागदाशिवाय घ्यायचा नाही. इंजिन बदललं तर आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. चोरीच्या गाडीचा पार्ट निघाला तर "मला काय माहीत" म्हणून सुटका होईलच असं नाही, चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसा संशय यायला जागा असताना माल जवळ ठेवणं हा पण गुन्हा आहे. चिठ्ठीवर का होईना, विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख घ्या.

१४. उद्यमनगरात नेमकं काय काय करून मिळतं?

कोल्हापूरकरांना ज्याची किंमत नाही अशी ही गोष्ट. दुसऱ्या गावात लोक पार्ट नाही म्हणून गाडी विकतात, आपल्याकडं लेथवाला तोंडातला मावा थुंकून "सोडून जा, सांच्याला ये" म्हणतो. स्विंगआर्मचे बुश, साइड स्टँडची पिन, झिजलेला ब्रेक पॅडलचा शाफ्ट कातून मिळतो. ऑइलच्या ड्रेन नटचे आटे गेले तर नवी केसिंग घ्यायची गरज नाही, मोठा आटा पाडून किंवा हेलिकॉइल (तारेचा नवा आटा) बसवून काम होतं. केसिंगला चीर गेली असेल तर अॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग होतं.

बोअरिंगचं नीट ऐका. आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही घेऊन जा, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापानं करायचा असतो. ओव्हरसाइज पिस्टन साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर असे येतात. पहिल्यांदाच थेट १ वर उडी मारू नका, पुढच्या वेळेला काही शिल्लक राहत नाही. आणि केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून निकासिलचा थर असतो, तिथं नेहमीचं बोअरिंग चालत नाही.

काय करून घेऊ नका? तुटलेला अलॉय, हँडलचा टी, पुढच्या शॉकअपचा रॉड, ब्रेक लिव्हरची पिन यांना वेल्डिंग. कुणी करून देतो म्हणाला तरी नको.

१५. आरएक्स १००, येझदी, जुनी बुलेट यांचे पार्ट?

आरएक्सचं उत्पादन १९९६ ला थांबलं, त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखाना बंद पडला. म्हणजे आज "कंपनीचा सीलबंद" म्हणून जे काही विकतात त्यातलं बहुतेक नवीन छापलेल्या डब्यातलं असतं. भावनेला किंमत लावली जाते हो. आरएक्स १३५ चं काही सामान आरएक्स १०० ला चालतं, पण सिलिंडर-पिस्टन वेगळे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे ऑइल सील आधी बदला, गाडी आपोआप रेस होत असेल तर नव्वद टक्के लोक कार्बोरेटर बदलत बसतात आणि हवा सीलमधून शिरत असते. येझदीवाल्यांनी लेथवाल्याशी मैत्री ठेवावी. बुलेटचं सगळं मिळतं, भाव तेवढा ऐकून खाली बसायचं.

१६. बॅटरी आणि टायर घेताना काय बघायचं?

बॅटरी घेताना जुनी देऊन वजावट घ्या, कार्डवर तारीख आणि शिक्का मारून घ्या, नाहीतर वॉरंटी गेली. नवी घालायच्या आधी चार्जिंग तपासा, गाडी चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला पाहिजेत. रेग्युलेटर खराब असेल तर नवी बॅटरी पण सहा महिन्यांत जाणार आणि तुम्ही बॅटरी कंपनीला शिव्या घालणार.

टायरवर चार आकडे असतात, ३२२४ म्हणजे २०२४ च्या ३२ व्या आठवड्यातला. फार जुना असेल तर सूट मागा किंवा दुसरा घ्या. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर बाइकला नको, विषय संपला.

१७. कारचं ऑइल उरलंय, बाइकला चालेल का?

नाही. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो, कारच्या ऑइलमधल्या गुळगुळीतपणामुळं तो घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असं पाहिजे. एमबी लिहिलेलं स्कूटरसाठी, ते बाइकला नको. सुट्टं ऑइल कुणाकडूनच घेऊ नका, जुनं गाळून विकणारे महाभाग आहेत.

१८. एअर फिल्टर हवा मारून परत वापरला तर?

स्पंजचा असेल तर धुऊन, ऑइल लावून वापरता येतो. कोरडा कागदी असेल तर आतून हलकी हवा. पण चिकट ऑइल लावलेला कागदी फिल्टर हवा मारून किंवा धुऊन बाद होतो, तो फक्त बदलायचा. हात लावून बघा, चिकट लागला तर हवेचं पाइप खाली ठेवा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागं धूळ खात जाणाऱ्यांनी जरा लवकर बदलावा.

१९. बीएस ६ गाडीचा सेन्सर स्वस्तातला चालतो का?

आधी सेन्सरच गेलाय का ते स्कॅनर लावून बघा. पिवळा दिवा लागला की लोक थेट सेन्सर बदलतात, निघते ती ढिली वायर किंवा उंदरानं कुरतडलेलं कनेक्टर. ऑक्सिजन सेन्सर, थ्रॉटल बॉडी, पेट्रोल पंप यात लोकल माल टाकून मी एकालाही सुखी बघितलं नाही. इथं जेन्युइनच, आणि शक्यतो बदलायच्या आधी साफसफाई.

२०. वॉरंटी किंवा इन्शुरन्स असताना बाहेरचा पार्ट टाकला तर?

वॉरंटीत असेपर्यंत कंपनीच्या सेंटरलाच जा, बाहेरच्या पार्टमुळं बिघाड झाला असं म्हणायला त्यांना जागा ठेवू नका. अपघाताच्या क्लेममध्ये सर्व्हेअर बघून जाईपर्यंत तुटलेला पार्ट बदलू नका, फेकू पण नका. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, ट्यूब, बॅटरी यांच्या किमतीतले ५० टक्के कापतात, म्हणून झिरो डेप (ही कपात टाळणारी जादाची पॉलिसी) घेतलंय का ते आधी बघा. पक्क्या बिलाचं महत्त्व इथं कळतं (प्रश्न ५).

२१. गाडीचं मॉडेल बंद झालंय, लायनर पण मिळत नाही. काय करू?

डिस्कव्हरच्या कुठल्यातरी मधल्याच मॉडेलवाले आणि महिंद्राच्या जुन्या बाइकवाले हे दुखणं घेऊन येतात. क्रम असा ठेवा. आधी बेअरिंग, सील, बल्ब, प्लग असं मापाचं सामान नंबरावरून घ्या (प्रश्न ८). मग दुसऱ्या मॉडेलचं काय बसतंय ते शोधा (प्रश्न १०). मग लेथ (प्रश्न १४). जुन्या शूवर नवी लायनर पट्टी चिकटवून देणारे असतात, पण माझा जोतिबाचा किस्सा वाचलाय तुम्ही. करायचंच असेल तर चांगल्या माणसाकडून, नीट दाबात आणि भट्टीत तापवून चिकटवलेली घ्या, आणि पहिले काही दिवस गावातच फिरवा. यातलं काहीच जमलं नाही तर तसलीच एक बंद पडलेली गाडी कागदासकट स्वस्तात घेऊन परड्यात उभी करा, माझ्या मेव्हण्यानं तेच केलंय. आता त्याच्याकडं एक चालू गाडी आहे, एक अर्धी आहे, आणि बहिणीचा रोज एक फोन असतो.

२२. बदललेले जुने पार्ट आणि ऑइल यांचं काय करायचं?

ऑइल गटारीत ओतू नका, जयंती नाल्यातून ते पंचगंगेतच जातं आणि पाणी आपणच पितो. डबा भरून गॅरेजवाल्याला द्या, ते घेऊन जाणारे असतात. बॅटरी दुकानात परत. चेन, चाकण, लोखंड भंगारात. जुनं बेअरिंग आणि सील मात्र एका डबीत टाकून ठेवा, वर गाडीचं नाव आणि कुठल्या जागेचं ते लिहून, पुढच्या वेळेला तेच सॅम्पल. क्लचच्या जुन्या केबलची आतली तार कपडे वाळत घालायला चांगली, आमच्या गच्चीवर सीडी १०० ची अजून आहे.